अपिलाची मुदत गणपतीपर्यंत थांबत नाही

पत्र:

माझी मुलगी यंदा बारावीला आहे. आम्ही लालबागला चाळीत राहतो. जातीने कुंभार, म्हणजे ओबीसी. तिच्या जातीच्या दाखल्यासाठी अर्ज केला, सोबत चौदा कागद जोडले. सासऱ्यांच्या नावच्या १९६१ पासूनच्या भाडेपावत्या, मिलचं कार्ड, रेशनकार्ड, मतदार यादी, माझ्या वडिलांचा जातीचा दाखला, सगळं दिलं. ८ जुलैला आदेश हातात पडला: ‘अर्जदाराने दि. १३/१०/१९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा सादर केलेला नसल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ खाली ३० दिवसांत अपील करता येईल असं लिहिलंय. मिस्टरांच्या म्युनिसिपल शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ आहे. ते म्हणतात, गणपतीला गुहागरला जाऊ तेव्हा गावचे कागद काढू. ओळखीतला एक एजंट पंधरा हजारांत जुना शाळेचा दाखला ‘काढून देतो’ म्हणतोय. अपील करू, नवीन अर्ज करू की सोडून देऊ? चौदा कागद देऊनही विश्वास बसत नाही, म्हणजे आम्ही काय खोटं बोलतोय का?

— एक आई, लालबाग

उत्तर:

ताई, आधी कॅलेंडर काढा आणि ७ ऑगस्टवर गोल करा. आदेश ८ जुलैला मिळाला, तिथून ३० दिवस त्या दिवशी भरतात. गणपती त्यानंतर येतात. मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की कागद गणपतीत निघतीलही, पण तोवर अपिलाचा दरवाजा बंद झालेला असेल. महसूल खात्यात मी बरीच वर्षं काढली. एका मुलाचं अपील एकेचाळिसाव्या दिवशी टेबलावर आलेलं मला अजून आठवतं. आजोबांची १९३८ सालची नोंद हातात होती, अगदी स्वच्छ. पुढचे कितीतरी महिने त्या नोंदीवर कोणी बोललंच नाही, चर्चा फक्त अकरा दिवसांच्या उशिरावर. तेव्हा तो आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट टाकू नका. हातोहात घेतला असेल तर पोचवहीत सही केल्याची तारीख लिहून ठेवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण तोच तुम्हाला जास्त लागलाय असं पत्रातून दिसतं. नाही, तुम्हाला कोणी खोटं म्हटलेलं नाही. आदेशातली ओळ पुन्हा वाचा. ‘तुम्ही कुंभार नाही’ असं तिच्यात कुठेही नाही. ‘१३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा नाही’ एवढंच आहे. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुमचं अख्खं अपील त्या फरकावर उभं राहणार आहे.

ही तारीख आली कुठून? महाराष्ट्र सरकारने इतर मागासवर्गाची यादी ज्या शासन निर्णयाने लावली, त्याची ती तारीख. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ धरतात, तशी ओबीसींसाठी ही. सवलतीची यादी लागण्याआधीच्या कागदात जात लिहिली असेल तर ती सवलतीसाठी लिहिली असण्याचं कारण नाही, म्हणून त्या कागदावर भरवसा जास्त. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली जमातीच्या दाव्याच्या एका प्रकरणात जुन्या, विशेषतः स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना जास्त वजन द्यावं असं म्हटलं आहे. आणि पुरावा द्यायची जबाबदारी अर्जदाराचीच. २००० सालच्या जात प्रमाणपत्र अधिनियमाच्या कलम ८ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. हे जाचक वाटतं, मलाही वाटायचं. मिलमध्ये तीन पाळ्या करणाऱ्या माणसाने नातीच्या दाखल्यासाठी कागद जपून ठेवायचा, ही अपेक्षाच मोठी आहे. पण अपिलात या गोष्टीशी भांडून वेळ घालवू नका.

तुमचे चौदा कागद मी एकेक करून डोळ्यांसमोर आणले. भाडेपावती सासरे कुठे राहत होते ते सांगते. रेशनकार्ड तेच सांगतं. मतदार यादी तेच. मिलचं कार्ड सासरे काय काम करत होते ते सांगतं. यांतल्या एकाही कागदावर जात नाही. उरला तुमच्या वडिलांचा जातीचा दाखला. पण मुलीची जात वडिलांकडून धरतात, तेव्हा तिच्यासाठी कागद मिस्टरांच्या घराण्याचे लागतात. माहेरचा कागद कितीही खरा असला तरी इथे चालत नाही. म्हणजे चौदा कागद मिळून तुम्ही रहिवास पुन्हा पुन्हा सिद्ध केलात आणि मिस्टरांच्या घराण्याची जात एकदाही नाही. हे तुमच्या हातून झालं याचं मला नवल वाटत नाही. खिडकीवर ‘जुने पुरावे जोडा’ एवढंच सांगतात, कशाचे ते सांगायला कोणाला सवड नसते.

भाडेपावत्या मात्र वाया गेलेल्या नाहीत. दाखला कोणत्या कार्यालयाने द्यायचा हे त्या १९६७ च्या तारखेला घराणं कुठे राहत होतं यावर ठरतं. सासरे १९६१ पासून लालबागला राहत होते, तर अर्ज मुंबईत करणं बरोबरच होतं, आणि त्याला आधार याच पावत्यांचा. सुनावणीत कोणी म्हणालं की ‘तुमचं मूळ गाव गुहागर, तिकडे जा’, तर पावत्या पुढे करा. ते १९६७ नंतर मुंबईत आले असते तर चिपळूणच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जावं लागलं असतं, कारण गुहागर तालुका त्यांच्याकडे येतो.

तेव्हा आता हवा आहे एकच कागद: मिस्टरांच्या वडिलांकडच्या नात्यातल्या कोणाचाही, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, ‘कुंभार’ असं लिहिलेला. तो कुठे सापडेल?

पहिली जागा गावची शाळा. सासरे शाळेत गेले असतील तर प्रवेश-निर्गम नोंदवहीत त्यांचं नाव असेल. आज जिल्हा परिषदेची असलेली शाळा तेव्हा लोकल बोर्डाची होती. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या, पण जुनी वही बहुतेकदा त्याच शाळेच्या लोखंडी कपाटात असते. मुख्याध्यापकांकडून नोंदवहीचा उतारा मागा, सही-शिक्क्यासह, रजिस्टर क्रमांक घातलेला. सासरे शाळेत गेलेच नसतील तर त्यांचे भाऊ? आणि बहिणी? लोक आत्याला नेहमी विसरतात. मिस्टरांची आत्या लग्नाआधी दुसरीपर्यंत जरी शिकली असेल, तरी तिच्या नावापुढे माहेरची जात लिहिलेली असते, आणि ती रक्ताच्या नात्यातलीच. तिचं लग्नानंतरचं नाव वेगळं म्हणून घाबरू नका, वंशावळीत ते जोडता येतं.

दुसरी जागा, आणि माझ्या मते जास्त भरवशाची, म्हणजे तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. तिथे गाव नमुना १४ मागा, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात, आणि तसं म्हटलं की रेकॉर्डकीपरच्या लगेच लक्षात येतं. तीत जातीचा रकाना असतो. यात तीन गोष्टींत माणसं फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक, जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतंच. बाप अमुक, मुलगा झाला, एवढंच. तेव्हा सासऱ्यांचं नाव शोधत बसलात तर नोंद डोळ्यांखालून निघून जाईल. त्यांच्या वडिलांच्या नावाने शोधा आणि जन्माचं साल पुढेमागे दोन-तीन वर्षं धरा. दोन, आडनाव. मुंबईत तुमचं जे आडनाव आहे ते गावच्या वहीत असेलच असं नाही. जुन्या नोंदीत नाव, बापाचं नाव आणि पुढे आडनावाच्या जागी ‘कुंभार’ असं पुष्कळदा असतं. कारकून ‘आडनाव जुळत नाही’ म्हणेल. तुम्ही म्हणा, जुळवायचं काम वंशावळीचं, मला आधी नक्कल द्या. तीन, लिपी. नोंद फार जुनी असेल तर मोडीत असेल. मोडी वाचता येत नाही म्हणून परतू नका. नक्कल घ्या आणि मोडीच्या जाणकाराकडून प्रमाणित लिप्यंतर करून मूळ नकलेला जोडा. सासऱ्यांच्या वडिलांच्या मृत्यूची नोंदही तितकीच चालते. जन्म सापडत नसेल तर मृत्यू शोधा.

२०२३ नंतर कुणबी नोंदी शोधण्याच्या कामी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी राज्यभरच्या कचेऱ्यांत हीच जुनी दप्तरं उघडली गेली. ती शोधमोहीम तुमच्या जातीसाठी नव्हती हे खरं. पण कुठल्या गावची वही कुठल्या कपाटात आहे हे आता रेकॉर्ड खोल्यांना पूर्वीपेक्षा बरं माहीत आहे. ‘दप्तर सापडत नाही’ या तोंडी उत्तरावर निघून येऊ नका. खरंच नसेल तर ‘सदर सालचा अभिलेख उपलब्ध नाही’ असं लेखी मागा. तो कागदही अपिलात लागतो, तुम्ही शोध घेतला याचा तो पुरावा.

आणि एक फोन आजच करा. भाऊबंदांत, मामे-मावस नव्हे, फक्त वडिलांच्या बाजूच्या भाऊबंदांत, कोणाच्या मुलाला जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे पडताळणी समितीने तपासून दाखला खरा ठरवल्याचा कागद, मिळालंय का विचारा. मिळालं असेल तर निम्मं काम झालं समजा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं आहे की वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर वैधता मिळालेली असेल, तर सबळ कारण असल्याशिवाय त्याच घराण्यातल्या दुसऱ्याला ती नाकारू नये. तो निकाल पडताळणीच्या टप्प्यावरचा असला तरी अपिलात असा कागद फार जड पडतो. भावकीत बोलणं बंद असेल तर मुलीसाठी एवढं एकदा गिळा. अशी कितीतरी घरं पाहिली, जिथे वैधता प्रमाणपत्र शेजारच्या खळ्यात होतं आणि इकडचे दोन वर्षं कचेऱ्या झिजवत होते.

मिस्टरांच्या दाखल्यावरच्या ‘हिंदू’ची काळजी सोडा. नुसतं ‘हिंदू’ म्हणजे जात लिहिलेली नाही, दुसरी जात लिहिलेली नाही. ती नोंद तुमच्या विरोधात जात नाही, फक्त उपयोगी पडत नाही. शाळा सोडल्यावर ती दुरुस्त करून घेणं हे वेगळं आणि लांबचं काम आहे, त्यात आत्ता शिरू नका.

एजंटाचं मात्र ऐकूच नका. ‘काढून देतो’ याचा अर्थ ‘बनवून देतो’. खोटा कागद देऊन जातीचा दाखला मिळवला तर जात प्रमाणपत्राच्या त्याच कायद्याच्या कलम ११ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. त्याहून वाईट पुढे आहे. दाखला खोटा ठरला की त्यावर मिळालेला प्रवेश आणि पदवीही जाते, आणि हेतू वाईट नव्हता हे सांगून ती वाचत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवलं आहे. पडताळणी समितीचं दक्षता पथक गावच्या शाळेत जाऊन रजिस्टर उघडून बघतं. तुम्ही खऱ्या कुंभार आहात. खऱ्या दाव्यात एक खोटा कागद घातला की बाकीचे सगळे खरे कागदही संशयाने वाचले जातात.

आता अपील. नवीन अर्ज करता येईल, पण जुना नामंजुरीचा आदेश तसाच राहील, आणि पुढे प्रत्येक ठिकाणी ‘यापूर्वी अर्ज नामंजूर झाला होता का’ या प्रश्नाला उत्तर देत बसावं लागेल. म्हणून माझा कौल अपिलाला. कलम ५ खाली ते तुम्हाला मिळालेलं हक्काचं साधन आहे, त्यासाठी कोणाचे पाय धरायचे नाहीत. कोणाकडे करायचं ते आदेशाच्या शेवटी दिलेलं असतं, तिथेच करा. मंत्रालयात निवेदन, आमदारांचं पत्र, पालकमंत्र्यांना अर्ज यांतलं काहीही अपील नव्हे, आणि त्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होत नाहीत.

अर्ज दोन पानांचा पुरे. सुरुवातीला आदेशाचा क्रमांक, तारीख, आणि तो तुम्हाला कधी मिळाला. मग आदेशातलं ते एक वाक्य जसंच्या तसं अवतरणात. त्याखाली त्याचं उत्तर: ‘अर्जदाराच्या पणजोबांच्या मृत्यूची गाव नमुना १४ मधील अमुक तारखेची नोंद सोबत जोडली आहे, त्यात जात कुंभार नमूद आहे.’ मग वंशावळ, म्हणजे मृत्यूची नोंद ज्यांची त्यांच्यापासून मुलीपर्यंतची साखळी, आणि प्रत्येक कडीला एक कागद. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र मिस्टरांनी करायचं. मुलगी अठराच्या आतली असेल तर अपिलावर सहीही पालक म्हणून त्यांचीच. शेवटी दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा: आदेश रद्द करून दाखला द्यावा, आणि ते शक्य नसल्यास नव्या पुराव्यासह फेरचौकशीसाठी प्रकरण परत पाठवावं. ही दुसरी मागणी लोक लिहीत नाहीत. प्रत्यक्षात मात्र समोरच्या अधिकाऱ्याला तीच मंजूर करणं सोपं जातं.

गावचा कागद मुदतीत हातात आला नाही तर? तरी अपील दाखल करायचंच. नकलेसाठी केलेल्या अर्जाची पोच जोडा आणि लिहा की अमुक अभिलेखाची नक्कल मागितली आहे, मिळताच दाखल करू, तोवर निर्णय घेऊ नये. माहितीच्या अधिकारात तुमची फाइल मागवून मग अपील लिहू, असा विचारही करू नका. त्या अर्जाच्या उत्तरालाच ३० दिवसांपर्यंत मुदत असते.

दाखल करताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘नंतर या, साहेब नाहीत’ म्हणाले तर शिक्का साहेबांनी मारायचा नसतो, आवक-जावकवाल्याने मारायचा असतो, हे नम्रपणे सांगा. कोर्ट फी तिकीट किती लावायचं तेही तिथेच आधी विचारून घ्या.

सुनावणीला वकील लागत नाही. मिस्टर आणि तुम्ही जा, मूळ कागद न्या. अधिकाऱ्यासमोर चार-पाच मिनिटंच मिळतात. त्यात चाळ, संप, सासऱ्यांचे हाल सांगायचा मोह होईल. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाल्यावर लालबाग-परळमधल्या घरांनी काय सोसलं हे मला सांगायला नको, पण ते चार मिनिटांत मावत नाही. तिथे एवढंच बोला: आदेशात हा पुरावा नाही म्हटलं होतं, तो हा, पान अमुक, ओळ अमुक. आणि दिलेल्या कागदांची नोंद रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीच्या नोंदीत, झाली का ते वाचूनच सही करा. कागद टेबलावर ठेवला आणि रोजनाम्यात लिहिला गेला नाही, तर पुढे तो दिलाच नव्हता असं होतं. अपीलही फेटाळलं गेलं तर मुंबई उच्च न्यायालयात रिट करता येते. तिथे मात्र वकील हवा, आणि त्या वेळी याच रोजनाम्याच्या नकलेवर सगळं चालतं.

मुलीला सांगा, वेळ आहे. सीईटी पुढच्या उन्हाळ्यात. दाखला आला की कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज लगेच टाका, कारण प्रवेशाला नुसता दाखला पुरत नाही, वैधताही लागते, आणि ओबीसींना नॉन-क्रीमी लेयरचा, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचा, दाखलाही. ‘सोडून देऊ का’ हा विचार मात्र मनातून काढा. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेशाने जाणाऱ्या ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ही रक्कम किती होते ते तुम्हीच मांडून बघा.

मिस्टरांना या शुक्रवारी रात्रीच्या एसटीने पाठवा. शनिवार-रविवार तहसील बंद असेल, तेव्हा शनिवारी सकाळी शाळा आणि भावकी, सोमवारी उघडल्या उघडल्या अभिलेख कक्ष, म्हणजे रजा एकच पडेल. जाताना सासऱ्यांच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव, गावातली वाडी आणि अंदाजे सालं एका कागदावर लिहून द्या. ही नावं घरात कोणाला पाठ नसतील तर गावच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. तिला आठवतात.